भिंतीपलीकडचा टीव्ही

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसा दार लावण्याची रीत नाही. सकाळी दूध आत घेतले की दार उघडते, ते झोपण्यापूर्वी बंद होते. मधल्या वेळात फक्त पडदा. भरदुपारी एखादे दार लोटलेले दिसले, तर जाणारा-येणारा थांबून विचारतो, "काय गं, बरं नाही का?" बाहेरच्या माणसाला हा चोंबडेपणा वाटेल. मला मात्र ती आमच्या घरांची सर्वांत आरोग्यदायी सवय वाटत आली आहे. एका खोलीच्या संसारात समोरासमोर दार आणि खिडकी उघडी असली, की हवा खेळती राहते आणि माणसांचे माणसांवर लक्षही राहते.

म्हणून टाळेबंदीच्या उन्हाळ्यात माझ्या शेजारचे दार भरदिवसा बंद झाले आणि आतला टीव्ही एकाएकी मोठमोठ्याने वाजू लागला, तेव्हा मी हातातले काम ठेवून भिंतीकडे पाहिले. ते दार का बंद झाले, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. अशा गोष्टी क्रम सोडून सांगितल्या, की दोष चुकीच्या माणसाच्या पदरात पडतो.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. भीती ही मुळात वाईट गोष्ट नाही, असे मी मुलांना सांगत आले. भीतीमुळे आपण पाणी उकळतो, हात धुतो, तापलेल्या माणसाला अंथरुणावर झोपवतो. परंतु भीतीला एक खोड असते. तिला डोळ्यांना दिसणारी वस्तू लागते. हवा दिसत नाही, म्हणून माणूस हवेला भीत नाही. तो पिशवीला भितो, कडीला भितो, शेजाऱ्याला भितो.

आमच्या चाळीने हेच केले. दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या जाऊ लागल्या. नोटांवरून इस्त्री फिरू लागली. आमच्याकडे गॅलरीच्या टोकाला संडास आहेत आणि काही घरे मिळून एकाची किल्ली वापरतात. ती भिंतीवरच्या खिळ्याला असते. ती किल्ली आता चहाच्या पातेल्यात उकळली जाऊ लागली. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ती चिमट्यात धरून न्यायची पद्धत काढली आणि चिमटा धुवायला तेच बायकोला हाका मारत, मास्क हनुवटीखाली ओढून, साऱ्या गॅलरीभर.

हे सगळे मी हसून सोडून दिले असते. पण चाळकमिटीची सभा भरली तीही खालच्या कोंदट खोलीत, शटर अर्धे ओढून, पोलीस पाहतील म्हणून. माणसे खांद्याला खांदा लावून बसली होती. कमिटीचा सेक्रेटरी माझाच जुना विद्यार्थी. मी त्याला म्हटले, "ही सभा गच्चीवर घे."

"बाई, गच्चीवर ऊन आहे."

मी गणपतीच्या तसबिरीपुढची उदबत्ती पेटवली आणि कोपऱ्यात खोचली. वर्गात मी हाच प्रयोग करत असे: वास पोहोचेल त्याने हात वर करायचा. "आता ज्याला ज्याला वास येईल, त्याने हात वर करा," मी सांगितले. पुढच्या दोघांनी उदबत्ती पाहून भक्तिभावाने हात जोडले. मागून कुणीतरी म्हणाले, "आरती आहे का? मग टाळ आणतो." सगळे हसले. हळूहळू खोलीतले बहुतेक हात वर गेले.

"जो श्वास या उदबत्तीच्या वासासारखा खोलीभर पसरतो, त्याची काळजी घ्या. पिशव्यांची नंतर घ्या."

सेक्रेटरी आदराने म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर असेल. पण लोकांना काहीतरी करतोय असं दिसायला पाहिजे ना. खिडकी उघडली तर काय केल्यासारखं वाटतं?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. त्याने त्या दिवशी प्रामाणिकपणे उत्तर दिले होते, आणि पुढचे सारे त्या उत्तरातून निघाले.

चाळीतली पहिली रुग्ण दुसऱ्या मजल्यावरची मुलगी. ती एका तपासणीच्या लॅबमध्ये काम करत असे. तपासणीत आजार निघाला, तसे तिने स्वतः गॅलरीत उभे राहून सगळ्यांना सांगितले: "मी घरातच राहते आहे, तुम्ही सगळे जपा. ताप आला तर लपवू नका." कुठल्याही पाठ्यपुस्तकात घालावे असे तिचे वागणे होते. आता चाळीचे वागणे सांगते. तासाभरात तिच्या घराच्या वाट्याची किल्ली खिळ्यावरून काढून कमिटीच्या खोलीत नेली गेली; त्या किल्लीवरच्या बाकीच्या घरांना शेजारच्या संडासाची किल्ली दिली गेली. तिच्या वडिलांना सांगण्यात आले, "तुम्ही रस्त्यावरच्या पालिकेच्या संडासात जा." तिच्या दाराचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. नळावर त्यांची बादली कुणी भरू देईना. शेवटी एका बाईने दया म्हणून वरून, अंतर राखून, त्यांच्या कळशीत पाणी ओतले.

ते बौद्ध कुटुंब. मुलीचे वडील त्या संध्याकाळी जिन्यात मला भेटले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, हे असं वरून पाणी ओतलेलं माझ्या आजाने पाहिलं होतं. मला वाटलं होतं, ती गोष्ट आजाबरोबर गेली."

मी कमिटीच्या खोलीत जाऊन किल्ली मागितली. "सगळ्यांच्या सुरक्षेसाठी आहे, बाई," सेक्रेटरी म्हणाला. मी ती टेबलावरून उचलली आणि खिळ्यावर परत लावली. सकाळी ती पुन्हा नव्हती. मुलगी बरी झाली, तिचे आईवडीलही ठणठणीत राहिले, तेव्हा सेक्रेटरीने पाठीवर फवारणीचे यंत्र बांधून त्या तिघांना डोक्यापासून पायापर्यंत औषधाने भिजवले. काहीजणांनी टाळ्या वाजवल्या.

या साऱ्यातून चाळ एक धडा शिकली. मास्क नीट लावावा, खिडकी उघडावी, ताप आला तर तपासून घ्यावे, यांपैकी तो एकही नव्हता. चाळ एवढेच शिकली, की सापडायचे नाही.

आता तिसऱ्या मजल्यावरचे, माझ्या शेजारचे दार. तिथे काका आणि काकी राहत; सारी चाळ त्यांना याच नावांनी ओळखे. काका कुरिअर कंपनीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, काकी मालवणकडच्या. दोघांचे दार इतके उघडे असायचे, की पडदासुद्धा दिवसभर खांद्यावर टाकल्यासारखा एका बाजूला. ते दार एका सकाळी बंद झाले. गॅलरीकडची खिडकीही बंद. आणि टीव्ही सुरू झाला: बातम्या, मालिका, देवाची गाणी, काहीही, पण मोठ्याने. काकांना मोठा आवाज सोसत नसे. माझ्या रेडिओवरून त्यांनी मला कितीदा टोकले होते. मी भिंतीशी उभी राहिले. एक जाहिरात संपून दुसरी लागण्याच्या मधल्या शांततेत मला खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, थांबत नसलेला. लगेच आवाज आणखी वाढला.

त्यांची मुलगी घोडपदेवला दिलेली. फोनवर आईचा सूर तिला पटला नसावा. ती डबा घेऊन चालत आली. फाटकाशी कमिटीने तिला अडवले. काकी गॅलरीत आल्या, दार पाठीमागे ओढून घेतले आणि कठड्यावरून वाकून ओरडल्या, "बरे आसत गो! उन्हाळी लागली हा नुसती! तू जा घराक!" सगळे मजले ऐकत होते, म्हणून त्या तसे म्हणाल्या. एका आईला आपल्या मुलीशी भर गॅलरीत खोटे बोलावे लागले आणि मुलीला ते खरे मानून परत फिरावे लागले.

मुलगी दिसेनाशी होताच मी दार वाजवले.

"कोण?"

"मी आहे. दार उघडा."

"निजलेत ते, बाई."

"एवढ्या आवाजात?"

फट उघडली. आतून ऊदाचा आणि कडुनिंबाच्या धुराचा लोट अंगावर आला. चारी बाजूंनी बंद खोलीत, खोकणाऱ्या माणसाभोवती, त्यांनी धुरी घातली होती. काका भिंतीला टेकून बसले होते आणि प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे वर जात होते.

"कोणाक सांगू नका हां," काकींनी माझा हात घट्ट धरला. "किल्ली काढून घेतीत. ह्यांका रस्त्यावरच्या संडासात मीया कशी नेव? उभे पण ऱ्हवणत नाय."

मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. त्यांनी हिशेब बरोबर केला होता. आजारापेक्षा शेजारी भयंकर, हे चाळीनेच त्यांना दाखवून दिले होते.

मी टीव्ही बंद केला, खिडकी उघडली आणि कठड्यावरून खाली वाकून दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीला हाक मारली. तिच्याकडे बोटाला लावून प्राणवायू मोजायचे यंत्र होते. ती मास्क बांधत वर आली. गॅलरीतल्या पडद्यांआडून डोळे दिसू लागले. तिने त्यांच्याकडे पाहून म्हटले, "काय, आता आम्ही चालतो का?" काकांच्या बोटावरचा आकडा पाहून ती वळली. "बाई, ताबडतोब. थांबायचं नाही."

रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडापर्यंतच येऊ शकली. काकांना खुर्चीत बसवून खाली न्यायचे होते. चाळीत गणपतीची भली थोरली मूर्ती उचलणारे तरुण काही कमी नव्हते. त्या दुपारी एकही खांदा पुढे आला नाही. खुर्ची उचलली ती त्या मुलीने आणि तिच्या वडिलांनी. जिन्याच्या तळाशी सेक्रेटरी फवारणीचे यंत्र बांधून वाट अडवून उभा होता.

"एक मिनिट, बाई. आधी जिना फवारू दे."

शाळेत मी कधी कुणावर ओरडले नव्हते. "बाजूला हो!" मी अशी ओरडले, की वरच्या मजल्यावरचे मूल रडायला लागले. तो बाजूला झाला. खुर्ची पुढे गेल्यावर त्याने पायऱ्या फवारल्याच. पाठीमागे ते औषध पडत असल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

काका परत आले नाहीत. "थोडं आधी आणायला हवं होतं," असे डॉक्टर काकींना फोनवर म्हणाले. आधी म्हणजे केव्हा? दार उघडे होते तेव्हा.

पुढे साथ ओसरली. कमिटीने फाटकावर फलक लावला, की रहिवाशांच्या शिस्तीमुळे चाळ सुरक्षित राहिली. सेक्रेटरीला शाल-श्रीफळ देण्यात आले. टाळ्या थांबल्यावर मी उभी राहून विचारले, "सुरक्षित म्हणजे किती जण गेले तर, आणि असुरक्षित म्हणजे किती?" सूत्रसंचालकाने माईक बंद केला. पहिल्या रांगेतून कुणीतरी पुटपुटले, "बाईंचं वय झालं." तो फलक ऊन-पावसाने फिका पडला आहे, पण काढलेला नाही.

हे आज लिहायला बसले, त्याला कारण घडले आहे. यंदा पुन्हा तापाची साथ आहे. कसला ताप, यावर रोज नवे नाव ऐकू येते. गेल्या आठवड्यात भरदुपारी गॅलरीतून जाताना पहिल्या मजल्यावरचे एक दार बंद दिसले आणि आतून टीव्हीचा आवाज धडाधड बाहेर येत होता. ते दार सेक्रेटरीचे.

मी दार वाजवले. त्याने फट उघडली. डोळे तांबारलेले होते.

"काही नाही, बाई. रिमोट खराब आहे. आवाज आपोआप वाढतो."

"आवाज कमी कर."

तो आत गेला आणि टीव्ही बंद केला. त्याच्या म्हाताऱ्या आईचा खोकला गॅलरीत आला. त्याबरोबर समोरच्या खोलीचा पडदा हलला आणि कडी लागल्याचा आवाज झाला.

"बघितलंत?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "आता किल्ली काढतील."

मला वाटले होते, असा दिवस आला तर मला बरे वाटेल. वाटले नाही. तोच राग पुन्हा वर आला, फक्त आता तो धरायला समोर एक माणूस पुरेसा नव्हता. तेवढ्यात काकी पाण्याची बादली घेऊन जिन्यातून वर येत होत्या. त्या थांबल्या, त्याच्याकडे पाहिले.

"बंद कित्याक केलंस? वाढव, आणखी वाढव. आवाज वाढवून काय गावता, ता माका इचार."

काकी बादली उचलून पुढे गेल्या आणि गॅलरीच्या टोकाला, खिळ्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. किल्ली अजून तिथे होती. त्यांनी ती काढली, पदराने पुसली, पुन्हा लावली आणि जागच्या हलल्या नाहीत.

"खिडकी उघड," मी त्याला म्हटले. "दारही पूर्ण उघड. मास्क लाव. आणि दुसऱ्या मजल्यावर स्वतः जा. त्या मुलीला बोलव. मी हाक मारणार नाही."

त्याने दार भिंतीपर्यंत लोटले. मग तो जिन्याकडे निघाला. दोन मजल्यांमधल्या वळणावर बराच वेळ उभा असलेला मला दिसला. मी त्याच्या दारात स्टूल ओढून बसले. आतला खोकला साऱ्या गॅलरीला ऐकू जात होता, आणि तो तसा जावा म्हणून मी तिथून उठले नाही.