अंगणासाठी घातलेलं गाऱ्हाणं

...तर लवू धुरी सुनावणीच्या सभागृहात उभा राहिला, हातातला कागद त्याने उघडला आणि पहिल्याच ओळीला अडकला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन.' लिहिली होती त्याच्या मुलाने, विनीतने, आणि लिहिली होती झकासच. पण लवूच्या तोंडात ती काही वळेना. काल इथवर आलो होतो आपण, आणि मध्येच चहा आला.

हा लवू चिंचपोकळीच्या सातेरी चाळीतला. गाव मालवणाकडचं. पोरवयात काकाचं बोट धरून मुंबईत आला, तेव्हा गावकऱ्यांच्या खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची. एक गिरणीतून आला की दुसऱ्याने उठायचं. ह्या पोराला पाळीच नव्हती. त्याची चटई चाळीच्या मागच्या अंगणात पडली, ती पडलीच. पुढे तोही गिरणीत लागला, गिरणी बंद पडली, मग परळच्या एका इस्पितळात लिफ्टमन झाला. मालनशी लग्न लागलं तेही त्याच अंगणातल्या मांडवात. ह्या अंगणाचे उपकार तो कधी विसरला नाही. सकाळी तिथे पाय टाकताना अजूनही वाकून मातीला हात लावतो. चाळीतल्या बायका हसतात, पण त्यांचे पापड, कुरडया, सांडगे वाळतात ते त्याच मातीवर पसरलेल्या लुगड्यांवर.

आणि लवूचा मोठा मान म्हणजे गाऱ्हाणं. कोकणातली ही रीत. शुभकार्य असलं की एकाने देवापुढे नारळ ठेवायचा, सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, आणि तो जिथे जिथे थांबेल तिथे बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. इस्पितळाची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक घाबरलेला डॉक्टर, एक नर्स आणि लवू. लवूने नारळ नसताना गाऱ्हाणं सुरू केलं. तिसऱ्या 'म्हाराजा'ला नर्सही व्हय म्हणायला लागली, चौथ्याला डॉक्टर. लिफ्ट मेकॅनिकनेच सुरू केली, पण तो डॉक्टर पुढे परीक्षेला जाताना आधी लिफ्टपाशी यायचा.

असो. तर वस्तीच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा निघाला. चाळ पाडून टॉवर होणार, ह्याला कोणाची ना नव्हती. पण मसुद्यात मागचं अंगणसुद्धा बांधकामाच्या जागेत धरलेलं होतं. कोणाला हरकत असेल तर त्याने सुनावणीला येऊन सांगावं, अशी मुभा होती. बिल्डरचं म्हणणं सरळ होतं. अंगण मिळालं तर प्रत्येक घराला एक खोली जास्त मिळेल, अंगण राखलं तर नाही.

ह्या एका खोलीने लवूच्या घरात दोन बाजू पडल्या. सून रुपाली रागावून बोलली नाही, भाकरी थापता थापता बोलली. अंगणात झोपायला आता कोण जातंय, आणि तुमची नात मेघना ओट्याला पाठ लावून सीएचा अभ्यास करते, तिच्या वह्यांना फोडणीचा वास येतो. लवू ताटातली आमटी ढवळत बसला. तरी अंगण राखा असं सांगायला चाळ निघाली, तेव्हा रुपालीही निघाली. सगळी चाळ जाते आणि आपण मागे राहायचं, हे तिलाही बरं वाटेना.

आता सभागृहात या. लवूने कागदाची घडी केली, खिशात टाकली, हात जोडले. समोर बसलेल्या अधिकारी पद्मजा सबनीस चष्मा सावरून बघतच राहिल्या.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली आसत!"

मागून चाळ म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

त्या अंगणानं माका थारो दिलो, आमच्या लेकी-चेडवांचे मांडव सोसले, तां असाच मोकळा रवांदे, असं त्याने मागितलं आणि चाळीने छप्पर हलवलं. पद्मजाबाईंनी अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, हरकत नोंदवली, आता नियमाप्रमाणे बिल्डरचं निवेदन वाचते. बाईंचा आवाज खणखणीत, आणि वाक्य संपलं की थांबायची चांगली सवय. इथेच घात झाला.

"सदर जागेवर इमारत झाल्यास रहिवाशांना प्रशस्त घरे मिळतील."

"व्हय म्हाराजा!"

"सदर मोकळ्या जागेचा रहिवाशांना विशेष उपयोग नाही."

"व्हय म्हाराजा!" चाळ गजरात म्हणाली. जीभ तापलेली, थांबा आला की व्हय पडलाच.

बिल्डरचा माणूस अभय उभा राहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, मॅडम, रहिवाशांची संमती नोंदीत घ्यावी. गाऱ्हाण्याने मिळवायला गेला आणि गाऱ्हाण्यानेच अंगण जायची वेळ आली. त्यात प्रशस्त घरांच्या त्या पहिल्या व्हयमध्ये सगळ्यांच्या वर एक आवाज त्याने ओळखला होता. रुपालीचा.

त्याला एकच सुचलं. त्याने पुन्हा हात जोडले.

"आणि ही हय जमलेली सगळी माणसां येडी आसत, म्हाराजा!"

एवढा गोंधळ झाल्यावर जो तो ओठ आवळून बसलेला. लवू थांबून राहिला. बाई बघतायत, अभय हसतोय, आणि लवूचे हात जोडलेलेच.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एकटा, मोठा आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

रुपाली उभी राहिली होती. तिच्या मागून मालन, मग पोरं, मग अख्खी चाळ. पद्मजाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या की ही संमती कशी आली ते मला समजलं, ती नोंदीत येणार नाही. आणि जागा मी स्वतः बघेन.

बाई खरंच आल्या. संध्याकाळी अंगणातल्या बाकावर बसून मालनच्या हातचे घावणे खाल्ले, पोरांचा क्रिकेटचा चेंडू दोनदा परत फेकला. काही महिन्यांनी आराखडा पक्का झाला, त्यात अंगण मोकळी जागा म्हणून राखलेलं. घरं एका खोलीने लहान.

त्या रविवारी अंगणात नारळ ठेवला गेला. लवूने सगळ्यांचे आभार मानले. पद्मजाबाईंचे मानले, विनीतच्या न वाचलेल्या कागदाचे मानले, अभयचेही मानले, कारण त्याने पुढे वाद वाढवला नाही. व्हय म्हणून म्हणून चाळीचा घसा बसला. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, तेव्हा रुपाली वाटी घेऊन जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, एवढ्यांची नावं घेतलीत, माझंच राहिलं?"

लवूने तिच्या वाटीत खोबऱ्याचा मोठा तुकडा टाकला आणि म्हणाला, "रवला नाय गो, मीच मागे ठेवलंय. पयलो व्हय तू खोलीसाठी म्हटलंस, तो माका ऐकाक इलो होतो. दुसरो एकटी उभी रवान म्हटलंस तेव्हा तुझी खोली गेली, तां पण माका कळलां. म्हणान नव्या घरातली आतली खोली मेघनाची, तिच्या वह्यांक फोडणीचो वास लागूचो नाय. मी आणि तुझी सासू भायर झोपतलंव, माका भायर झोपाची सवय आसाच."