बाबूच्या घरातला माणूस

पेन्शन घेऊन सोलापुरात आलो तेव्हा वाटलं होतं, आता पोस्टिंग नाही आणि कुणाचा हुकूमही नाही. काही महिने सुखाचे गेले. मग सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. लढाईवरून परतलेल्या जवानांचं काम बघणारे एक कॅप्टनसाहेब तिथं बसत. त्यांनी मला उभ्या उभ्याच काम सांगितलं.

"हवालदार, आपले किती जवान या शहरात उघड्यावर झोपतात?"

"बघून सांगतो, साहेब."

"नुसते किती नको. का झोपतात, तेही पाहिजे."

थंडीच्या आधी एक जुनी चाळ दुरुस्त व्हायची होती. ज्याला घर नाही त्याला तिथं खोली मिळणार होती. ज्याला घर आहे त्याला नाही. नियम सरळ होता आणि मला सरळ नियम आवडतात. याच नियमानं पुढं माझ्या तोंडाला फेस आणला.

लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती. मी सकाळी फेटा बांधून निघायचो. धर्मशाळा, किल्ल्याचा खंदक, गिरण्यांचे दरवाजे, स्टेशनामागचा मालधक्का, असा रोजचा राउंड. आपला जवान ओळखायला मला कुणाला विचारावं लागत नसे. माणूस चिंध्यांत पडलेला असला तरी जोडे उशाशी ठेवतो, टाचेला टाच लावून. ज्याच्याकडे जोडे उरले नाहीत तो वहाणा तशा ठेवतो.

एकाची जमीन भावांनी वाटून घेतली होती. तू मेलास असं धरून चाललो, म्हणाले. एकाच्या घरातली सगळी माणसं साथीच्या तापात गेली होती. त्यानं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली विहिरीत टाकली. एकजण दारूत बुडाला होता आणि तसं तोंडावर सांगत होता. एकजण म्हणाला, छताखाली निजलं की छत खाली येतं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ऐकून घेण्याची सवय पलटणीत लागत नाही, ती मला याच कामात लागली.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या आजीचा होता आणि ती त्यापायी संध्याकाळनंतर परसात गेली नाही. मी मेसोपोटेमियात मेलेल्या माणसांच्या शेजारी जेवलो आहे. त्यातला कुणी उठून भाकरी मागितल्याचं मला आठवत नाही.

मालधक्क्यावर कापसाच्या गाठींच्या आडोशाला एक माणूस बसला होता. दुपार टळली होती. खोकताना त्याचं सगळं अंग हलत होतं. मला बघून तो उठला आणि त्यानं पाय जुळवले.

"शिपाई बाबू शेळके, हजर हाय हवालदारसाब."

मला ओळख पटायला वेळ लागला. बाबू माझ्याच सेक्शनचा. बेळगावच्या बराकीत मीच त्याला घासून सरळ केला होता. गडी धाडसाचा, पण किट इन्स्पेक्शनला त्याचं कांबळं कधी नीट घडी केलेलं सापडायचं नाही. शेवटी सदू त्याचंही कांबळं आपल्या हातानं घडी करून ठेवायला लागला, आणि मी डोळेझाक करायला लागलो.

सदू म्हणजे बाबूचा जोडीदार. आई-बाप ठाऊक नाहीत, टेंभुर्णीच्या धर्मशाळेत वाढलेला. भरतीच्या वेळी आडनाव विचारलं तर म्हणाला, टेंभुर्णीकर लिवा. बराकीत खेचरानं त्याच्या डाव्या पायावर पाय दिला आणि करंगळी चिरडली. डॉक्टरनं ती काढून टाकली. तो ओरडला नाही. नऊ बोटांचा पगार कमी मिळेल का, एवढंच विचारलं. आम्ही त्यावर महिनाभर हसत होतो.

रात्री खंदकात बाबू त्याला घराच्या गोष्टी सांगायचा. आई भाकरी कशी थापते, दारातून कोपरा कसा दिसतो, पावसात कुठं गळतं. सदू परत परत विचारायचा. ज्याला घर नसतं त्याला घराच्या गोष्टींचा कंटाळा येत नाही.

पुढं मी जखमी होऊन मागं गेलो. नंतरचं कानावर आलं ते असं. बाबूला मुदतीचा ताप भरला आणि त्याला हॉस्पिटलच्या बोटीवर चढवलं. जाताना त्यानं आपला ग्रेटकोट सदूच्या अंगावर टाकला. खिशात त्याचा नंबराचा बिल्ला होता, दोरी तुटली म्हणून ठेवलेला. चार दिवसांनी सदूवर तोफेचा गोळा पडला. ओळखण्यासारखं काही उरलं नाही, कोट तेवढा उरला. नदीकाठी त्याला पुरला तो बाबू शेळके म्हणून, आणि सोलापूरला तार गेली तीही बाबू शेळके गेला म्हणून. बाबू तेव्हा बेशुद्ध होता. चूक उमगली तोवर बरेच महिने गेले होते.

"घर?" मी विचारलं.

"हाय की."

"कुठं?"

"भवानी पेठंत. आईबी हाय."

"मग इथं का निजतोस?"

"घर रिकामं न्हाय, साब."

"भाडेकरू आहे?"

"न्हाय. आपलाच माणूस हाय."

त्याहून जास्त तो बोलेना. दवाखान्यात त्याच्या खोकल्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, ही थंडी याला उघड्यावर झेपणार नाही. मी परत बाबूकडं गेलो आणि सांगितलं, घर नाही असं लिहितो, खोली घे.

"खोटं लिवू नका. घर हाय माझं."

"मग घरी जा."

"त्ये बी न्हाय व्हत."

असा हट्टी जवान पुढं असला की हात शिवशिवतात. पण पेन्शनीतल्या हवालदाराला कुणाला फटीगची शिक्षा देता येत नाही. मी तडक भवानी पेठेत गेलो.

दिवेलागण झाली होती. सगळ्या गल्लीत मागांचा खटखटाट चालू होता. घर विचारलं तर लोक हातानं दाखवत, सोबत कुणी येत नव्हतं. बाबूची आई सुंदराबाई समोरच्या विणकराच्या सुताच्या कांड्या भरून पोट भरायची. त्या विणकराची बायको माझ्यादेखत सुताची लड घेऊन आली, उंबऱ्यावर ठेवली आणि आत न बघता मागं फिरली.

"मावशी, मी बाबूच्या पलटणीचा हवालदार."

म्हातारीचा चेहरा उजळला. "या की. बसा. त्यो बी आता जेवंल."

घर एका खोलीचं. डाव्या कोपऱ्यात घोंगडी अंथरलेली होती. तिच्यासमोर पितळी मांडलेली. पितळीत भाकरी, वरण, कांदा. पाण्याचा तांब्या. कोपऱ्यात कुणी नव्हतं. मी त्या बाजूला पाठ करून बसलो नाही, एवढं खरं सांगतो.

"कोण जेवणार, मावशी?"

"बाबू."

मग तिनं मला सगळं सांगितलं, हातातली कांडी न थांबवता. तार आली. गल्लीनं रडारड केली. आमच्याकडं माणूस गेला की तो गेला त्या जागेवर पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि वर बांबूचं डालगं पालथं घालतात. सकाळी पिठात पाऊल बघतात. पाखराचं उमटलं तर पाखराच्या जन्माला गेला, गाईचं उमटलं तर गाईच्या. बाबूचा देह कुठल्या मुलखात पडला ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं तो निजायचा त्या कोपऱ्यात पीठ पसरलं.

"सकाळी डालगं उचललं तर माणसाचं पाऊल. डावं. चांगलं ठळक उमटलेलं. डालगं जागचं हललं नव्हतं. म्या म्हनलं, माझं लेकरू कुटंच गेलं न्हाय, घरला आलं."

"पण मावशी, बाबू जिवंत परत आला होता ना?"

तिचा हात पहिल्यांदा थांबला.

"आला व्हता एक. तोंड माझ्या लेकाचं घिऊन आला. गल्ली म्हनली, ह्योच बाबू. मी आदी पाय बघितलं. दाही बोटं जागच्या जागी."

"म्हणजे?"

"पिठातल्या पावलाला चार बोटं व्हती, हवालदार. करंगळी न्हवती. लढाईत गेली आसंल माझ्या बाबूची. मग दहा बोटांचा ह्यो कोन? म्या त्याला अंगनात भाकरी दिली, भुकेला व्हता. त्येला बोटांचं सांगितलं. त्यो कायबी बोलला न्हाय. खाली बसून लई रडला आन् गेला."

मागांचा खटखटाट चालूच होता. सदूची करंगळी आमच्या सेक्शनला ठाऊक होती आणि त्या डॉक्टरला. भवानी पेठेतल्या या बाईला ती ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

उठताना माझं लक्ष कोपऱ्यातल्या कांबळ्याकडं गेलं. घोंगडीच्या उशाला ते घडी करून ठेवलेलं होतं. कडा आत, तोंड दाराकडं, चारी कोपरे काटकोनात. बराकीतली घडी.

"ही घडी तुम्ही घालता?"

"मी सुटं टाकते. सकाळी आसं असतंय."

बाबू सुट्टीवर आला असेल तेव्हा त्याचं बघून शिकली असेल, असं मी मनाशी म्हटलं. बाबूला ती घडी कधी आली नाही, हे बाहेर गल्लीत आल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावर गेलो. बाबू गाठींना टेकून बसला होता.

"तुला कळलं होतं, तो सदू आहे?"

"व्हय साब. आई बोटांचं बोलली तवाच."

"मग तिला सांगितलं का नाहीस? सात वर्षं झाली, गाढवा."

खोकल्याची उबळ ओसरल्यावर तो म्हणाला, "सांगितलं आसतं तर आईनं त्येला काढलं आसतं. परक्याला कोन ठेवतंय? म्याच त्येला म्हनलं व्हतं, लढाई सपली की माझ्या घरला यायचं. माझा कोट घालून गेला, नाव माझं लावून मातीत गेला. मग घर बी माझंच घावलं त्येला. त्यो आला, साब. आता जा कसं म्हनू? मी कुटंबी निजतो. त्येला दुसरीकडं कुटं जागा हाय?"

मला राग आला होता. तो कुणावर आला हे अजून ठरवता आलेलं नाही. एवढ्या मोठ्या लढाईनं दोन पोरांना मिळून एक घर ठेवलं होतं, आणि जिवंत पोरानं ते मेलेल्याला देऊन टाकलं होतं.

"उद्या सकाळी अंघोळ करून तयार राहायचं. घरी जायचंय."

"न्हाय साब."

"हुकूम आहे."

"त्येला भाईर काढायचं न्हाय. येवढा शबुद द्या."

जो माणूस आहे की नाही हेच मला ठाऊक नव्हतं, त्याला बाहेर न काढण्याचा शब्द मी दिला.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा सुंदराबाई उंबऱ्याशी सूत उकलत बसली होती. बाबू अंगणात उभा राहिला. पाय आपोआप जुळलेले. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

मी रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. कोट, बिल्ला, हॉस्पिटलची बोट, गोळा, तार. मग खेचर आणि करंगळी. मी मुद्दामच कुठं आवाज हलू दिला नाही. हलला असता तर मलाच पुढं बोलता आलं नसतं.

"आत आहे तो तुमचा बाबू नव्हे, मावशी. त्याचा जोडीदार. तुमचा बाबू हा."

ती उठली. बाबूपाशी गेली आणि त्याच्या हनुवटीला हात लावून तोंड वर केलं. किती वेळ बघत होती, मी मोजलं नाही.

"वाळला किती," शेवटी म्हणाली.

मग ती मागं वळून अंधाऱ्या खोलीकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, आता कोपऱ्यातली पितळी बाहेर येणार. बाबूलाही तसंच वाटलं असावं. तो पुटपुटला, "आये, त्येला कोन न्हाय गं."

"आई?" तिनं विचारलं.

"न्हवती."

"बाप?"

"कुनीच न्हाय."

"आन् मी सात वर्षं त्येला तुझ्या नावानं हाक मारली." पदरानं डोळे पुसून तिनं मला विचारलं, "नाव काय त्येचं?"

"सदू."

"सदाशिव?"

"सदूच. धर्मशाळेत तेवढंच ठेवलं होतं."

सुंदराबाईनं बाबूचा हात धरला आणि उंबरा ओलांडला. कोपऱ्यापुढं वाकली. आई जशी अंथरुणातल्या पोराशी बोलते, तशी बोलली.

"सदू, जरा सरक बाळा. तुजा भाऊ आलाय."

मी बाहेरच थांबलो. आत जाण्याचं मला कारण नव्हतं.

कॅप्टनसाहेबांना मी काम पुरं करून दिलं. कोण कुठं झोपतो आणि का, ते जमेल तसं सांगितलं. चाळीत खोल्या मिळाल्या त्यांना मिळाल्या. किल्ली विहिरीत टाकणारा आलाच नाही. बाबूबद्दल एवढंच बोललो, "घरी गेला." साहेबांनी विचारलं, मग इतके दिवस अडचण काय होती? मी म्हटलं, जागेची.

सदूच्या नावाचं काहीतरी कुठं असावं म्हणून मी बरीच खटपट केली. त्या नदीकाठच्या मातीवर बाबूचं नाव होतं आणि ती जागा आता कुणाला सापडणार नव्हती. टेंभुर्णीच्या धर्मशाळेत गेलो, तर तिथं त्याला ओळखणारा कुणी उरला नव्हता. त्याचं नाव तोंडानं घेणारे आम्ही तिघंच उरलो. त्यातली एक रोज दोन्ही वेळा जेवायला वाढताना घेते, हे मला पुष्कळ वाटतं.

थंडी सरताना एका सकाळी मी भवानी पेठेत गेलो. बाबूचा खोकला उतरला होता आणि तो आईबरोबर कांड्या भरत होता. विणकराची बायको अजूनही सूत उंबऱ्यावर ठेवून जात होती. कोपऱ्यात आता दोन घोंगड्या होत्या आणि दोन कांबळी. दोन्हींच्या कडा आत, तोंड दाराकडं, कोपरे काटकोनात.

"शिकलास म्हणायचं घडी घालायला," मी म्हणालो.

बाबूनं मान वर केली नाही. "मला कुटं येतीया, साब. माजं बी त्योच करतोय."

मी पुढं काही विचारलं नाही. सवयीनं दोन्ही कांबळ्यांवरून एकदा नजर फिरवली. किट बरोबर होतं.