दुसऱ्या माडीवरचं घर

चेन्नईला आल्यावर पहिली दोन वर्षं मी काँक्रीटचे ठोकळे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवत होते आणि आतल्या सळया कधी गंजायला लागतात याची वाट बघत होते. प्रयोगशाळेत सगळं माझ्या हातात असायचं. पाणी किती, मीठ किती, सिमेंट कुठलं. त्यामुळे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शहरातल्याच तिरुवल्लिकेणी भागातली एक इमारत तपासायला पाठवलं तेव्हा मला वाटलं, हेही तेच. ठोकळा मोठा, एवढंच.

समुद्रापासून दहा मिनिटांच्या अंतरावरची ती जुनी इमारत. तळमजला आणि वर दोन माड्या. ती दुरुस्त करायची की पाडून लिफ्टवाली नवी बांधायची, यावर रहिवाशांचं एकमत होत नव्हतं. आमचा अहवाल येईल त्याप्रमाणे करू, एवढ्यावर सगळे थांबले होते.

काम तसं सरळ होतं. आतल्या सळईला मीटरची एक वायर जोडायची, काँक्रीट ओलं करायचं आणि दुसऱ्या वायरच्या टोकाची नळी त्यावर जागोजागी टेकवून मीटरवरचा आकडा लिहायचा. आकडा जितका उणे, तितका आत गंज चालू असण्याचा संभव जास्त. पहिल्याच दिवशी जिन्याखालच्या कॉलमचे आकडे भयंकर आले. रस्त्याकडच्या कॉलमचे मात्र छान होते. मी आईला फोन करून सांगत होते, "अगं, एक कॉलम तर गेल्यातच जमा आहे," तेवढ्यात मागून आवाज आला.

"मरहट्टी काय तुम्ही?"

सत्तरीच्या पुढच्या एक बाई जिन्यात उभ्या होत्या. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, हातात दुधाची पिशवी. त्या तंजावरच्या. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. त्यांची मराठी मला कळायची आणि कळायचीही नाही. शब्द फार जुने, चाल तमिळची, आणि मधेच अख्खं वाक्य तमिळमध्ये. पोस्टात नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या आणि दुसऱ्या माडीवर नवऱ्यासोबत राहत होत्या. मला वर नेऊन त्यांनी कॉफी दिली. आतल्या खोलीत त्यांचे यजमान खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

"हें घर पडेल काय?" बाईंनी विचारलं.

त्या घाबरल्या असतील असं मला वाटलं. "नाही आजी, काळजी करू नका. जुनं आहे, पण पडणार नाही."

"निश्चय?"

"जवळजवळ."

त्यांनी माझा अर्धा भरलेला पेला उचलला आणि त्या आत गेल्या. माझं काय चुकलं ते मला समजेना.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच खाली आल्या. मी मीटर घेऊन बसले होते. "बरवें पाहा," त्या म्हणाल्या. "आणीक एकवार पाहा." मी म्हटलं, बघते. मग त्या तमिळमध्ये भराभर बोलल्या. त्यातलं मला सुटं सुटं कळलं: पाय, दोन वर्षं, जिना. तळमजल्यावरच्या शेजारणीने इंग्रजीत सांगितलं तेव्हा उलगडा झाला. अर्धांगवायूनंतर यजमान काठी घेऊन सपाटीवर चालू शकत होते, जिना मात्र उतरता येत नव्हता. दोन वर्षं ते खाली आलेच नव्हते. नव्या इमारतीत लिफ्ट असणार होती. आजी घर पडायची वाट बघत होत्या.

त्या दिवसापासून मीटर हातात धरताना मला अवघडल्यासारखं व्हायला लागलं. आकडा वाईट आला की आजींची आठवण यायची. चांगला आला तरी यायची.

रहिवाशांनी दोनच ठिकाणी फोडून बघायची परवानगी दिली होती. त्या दिवशी मॅडम आल्या. आधी जिन्याखालचा कॉलम फोडला. मला सळयांचा भुगा दिसणार याची खात्री होती. आतल्या सळया काळसर निळ्या, स्वच्छ. बोट फिरवलं तर बोटाला काही लागलं नाही. मग रस्त्याकडचा, छान आकड्यांचा कॉलम. पहिल्या चार घावांतच वरचं आवरण फळीसारखं सुटून आलं आणि मागे सळईवर गंजाचे पापुद्रे.

मी मॅडमकडे बघितलं. "उलटं कसं काय?"

"जिन्याखाली बाथरूमचं पाणी वर्षानुवर्षं मुरतंय," मॅडम म्हणाल्या. "काँक्रीट इतकं भिजलेलं की हवाच आत पोचत नाही. हवा नाही तर गंज नाही, पण आकडा वाईट येतो. इथे आवरण आधीच सुटलं होतं, मधे पोकळी. तुझा मीटर सळईपर्यंत पोचलाच नसेल."

"नसेल?"

"मला तरी असं वाटतं," त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायला गेल्या.

मग बाकीच्या कॉलमांच्या आकड्यांचं काय करायचं? तीन दिवस मी तोच तक्ता समोर घेऊन बसले. कुठला आकडा खरा मानायचा आणि कुठला उलटा वाचायचा, ते ठरेना. हातोडीने सगळीकडे ठोकून पोकळ आवाजाच्या जागांवर खुणा केल्या, पण वरच्या जाड प्लास्टरमुळे तेही धड कळत नव्हतं. शेवटी मॅडमनी सांगितलं, जे बघितलं ते लिही, जे बघितलं नाही ते बघितलं नाही असं लिही. निष्कर्ष निघाला की इमारत दुरुस्त होण्यासारखी आहे.

म्हणजे लिफ्ट नाही.

दुसऱ्या माडीवर आजींच्या घराच्या बाल्कनीचे आकडे धड चांगले नव्हते, धड वाईट नव्हते. खालून एक तपकिरी डाग होता. मी लिहिलं, ही बाल्कनी वापरू नये. इथपर्यंत ठीक होतं. पुढे लिहिलं, आणि काम संपेपर्यंत ते घर रिकामं ठेवावं.

मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कशावरून?"

"आकड्यांवरून," मी म्हटलं. "संशयाला जागा आहे."

त्यांनी आकड्यांचा तक्ता पुन्हा एकदा चाळला आणि सही केली. मी खोटं बोलले का? आजही सांगता येत नाही. धोका नव्हताच असं कोण म्हणेल? पण त्या घरात दुसरं कुणी राहत असतं तर मी ती ओळ लिहिली असती का?

तळमजल्यावर मागच्या बाजूचं एक घर बंद होतं, मालक परगावी. रहिवाशांनी त्याला विचारून ते उघडलं आणि चार जणांनी यजमानांना खुर्चीसकट खाली आणलं. आजींचा फोन आला. "उतरले," एवढंच म्हणाल्या. मग त्या रडत होत्या की हसत होत्या, मला ओळखता आलं नाही.

महिन्याभराने मी गेले. यजमान दारात बसले होते. पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"तूच काय ती? जिणें आम्हांस खालीं आणिलें?"

मी हो म्हटलं.

"वर वारा होता," ते म्हणाले. "येथें मच्छर." त्यांनी पोटरीवर थाप मारून दाखवली. "परत वर केव्हां?"

आजी आतून ओरडल्या, "ऐकूं नको! काल कोपऱ्यापर्यंत चालत गेले, पेपर घेऊन आले." यजमानांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांच्या डोक्यावरून आजी माझ्याकडे बघत होत्या, मान हळूच नकारार्थी हलवत.

"अजून पाहावं लागेल," मी म्हटलं.

दुरुस्तीसाठी बाल्कनी फोडली त्या दिवशी मी हजर होते. एका कडेच्या दोन सळया निम्म्याहून जास्त खाल्लेल्या होत्या, बाकीच्या जशाच्या तशा. घर रिकामं करण्याइतकं होतं का ते? मजुरांच्या मुकादमाने खांदे उडवले. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, फोटो काढ, जाडी मोज, निवांत बोलू. ते बोलणं कधी झालंच नाही. दुरुस्ती संपली, पण आजींनी मागचं घर भाड्याने घेतलं आणि ते दोघं खालीच राहिले. यजमान रोज कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत आल्यावर वाऱ्याबद्दल तक्रार करतात, असं आजी सांगतात.