छपरीसाठीची होळी

कोकणातून शहाद्याला आलो तो कापसाच्या जिनात तेल घालायचं काम धरून. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांपुढे बायका बसत आणि त्यांची तान्ही पोरं तिथंच झोळीत निजत. दोन हंगाम मी त्या पोरांचा खोकला ऐकला, नाकाशी चिकटलेला कापूस पाहिला आणि मुकाट तेल घालत राहिलो. तो सल अजून जात नाही.

तिसऱ्या हंगामात सातपुड्यातून आलेल्या एका बाईचं लेकरू खोकून निळं पडलं. मी त्याला उचलून बाहेर पळालो. मोकळ्या हवेत त्याला श्वास आला. तसाच शेठकडे गेलो : पोरांसाठी बाहेर छपरी द्या, आयांना पाजायला सुटी द्या.

"हंगाम संपू द्या," शेठ म्हणाले.

हंगाम संपल्यावर पोरं कुठली असायला!

मी बायकांपुढे संपाचं भाषण केलं, अगदी शाळेतल्या मराठीत. ऐकून झाल्यावर त्या लेकराच्या आईनं विचारलं, "मिस्तरी, संप कधी शे?"

"परवापासून."

"परवा त आम्ही घर जाई ऱ्हायनूत!"

सगळ्या खो खो हसल्या. डोंगरातलं माणूस होळीला घरी जाणारच, हे मी सोडून साऱ्या शहाद्याला ठाऊक होतं. माझा चेहरा उतरला. घोळक्यात गावातल्या बायकाही होत्या; त्या यंत्रावर बसल्या तर जिन चालणार, मग छपरी कसली? मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मन्हाकडे काय देखस?" त्यांतली म्हातारी म्हणाली. "आम्हले सण नई का? आम्हीबी येतस."

आम्ही सगळेच डोंगरात गेलो. ढोलावर मीही नाचलो.

"मिस्तरी, पाय शेत का लाकडे?" बायका हसल्या.

होळीनंतर शेठचे मुनीम बैलगाडी घेऊन आले. "चला हो! कापसाच्या गाड्या पार प्रकाशा गावापर्यंत लागल्यात!"

बायकांनी त्यांना रंग फासला, खाऊ घातलं आणि सांगितलं, "पहिले छपरी, मंग जिन."

"शेठना विचारावं लागेल."

"मंग इचारी ये. आम्ही आठेच डोंगरमा शेत."

दुसऱ्या दिवशी ते होकार घेऊन आले. त्यांच्याच गाडीत बांबू भरून, गात गात आम्ही उतरलो. छपरी उभी राहिली, मगच भोंगा झाला.

पुढे मजुरांचा संघ काढला, आजाऱ्यांना घेऊन दवाखान्याच्या खेपा घातल्या. पण छपरीतल्या त्या पहिल्या दुपारइतका आनंद पुन्हा झाला नाही. लेकराला पाजून, निजवून त्याची आई छपरीबाहेर आली.

"निजना," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "आते तूबी हास."