शेपटीचा पंखा आणि खुलाशाची शेवटची ओळ

दादरला एका सरकारी कचेरीबाहेर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या मसुद्यात वकिलांनाही सहसा खोड काढता येत नाही, हे आरंभीच नमूद करतो.

गेल्या वर्षी करी रोडच्या चाळीत राहणारे एक गृहस्थ माझ्याकडे खुलासा लिहून घेण्यास आले. एका खाजगी हेलिपॅडवर खाली उभे राहून वैमानिकास हाताने खुणा करणे व वारा कळवणे, हे त्यांचे काम. त्यांच्या डोळ्यांदेखत एक हेलिकॉप्टर उतरता उतरता स्वतःभोवती गरगरले आणि आदळले. जीवितहानी झाली नाही. वैमानिकाचा पाय मोडला. वारा मागून असल्याचे यांनी कळवले नाही, असा ठपका ठेवून कंपनीने यांना तूर्त घरी बसवले होते. लेखी उत्तर पटले नाही तर नोकरी जाणार होती.

विषय समजल्याशिवाय मी लेखणी उचलत नाही. हेलिकॉप्टर असे गरगरते कसे, हे मी विचारले.

त्यांनी माझी छत्री उघडून डोक्यावर फिरवली. "वरचं मोठं पातं एका अंगाला फिरतं, तर खालचं धड उलट्या अंगाला फिरायला बघतं. त्याला शेपटीचा छोटा पंखा धरून ठेवतो. हळू उतरताना वारा वाईट बाजूने शिरला, की त्या पंख्याची पकड सुटते. मग पायलटने लगेच पेडल पूर्ण दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. जरा उशीर केला की संपलं."

"आपण वाऱ्याचे कळवले होते?"

"वॉकीटॉकीवर दोनदा. वारा मागून आहे, फिरून या. तो म्हणाला, बघतो."

खुलासा दोन पानी झाला. शेवटी प्रघाताप्रमाणे मी लिहिले, 'तरी माझ्या हातून अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल क्षमा असावी.' माझा प्रत्येक खुलासा याच ओळीने संपतो. तिने अधिकारी मऊ होतात.

त्यांनी तिच्यावर बोट ठेवले. "काका, ही कशाला? माझी चूक झालीच नाय."

"ही कबुली नव्हे. रीत आहे. तीस वर्षे लिहितो आहे मी."

"तुम्ही म्हणता तर," असे म्हणून त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी ते परत आले. कंपनीने उत्तरात तेवढी एकच ओळ उद्धृत केली होती: चूक मान्य असल्याने सेवा समाप्त. अपिलाची एक संधी शिल्लक होती.

"पायलटने पाय उशिरा दिला," ते शांतपणे म्हणाले, "नि मी सही लवकर दिली. आता लिहा, पण रीत नको."

अपील मी लिहिले. परंतु ती ओळ त्यांची नव्हती, हे कंपनीस सांगणार कोण? म्हणून दुसरा कागद घेतला आणि अर्जदाराच्या जागी प्रथमच स्वतःचे नाव घातले. खुलासा देणाऱ्याची हरकत असताना सदर ओळ मी आग्रहाने घातली, असे त्यात लिहिले. अखेरीस हात सवयीने त्याच ओळीकडे वळला व मी ती पूर्ण केली. मग 'अनवधानाने' हा शब्द तेवढा खोडला. ती ओळ त्यांनी तेव्हाच बोट ठेवून दाखवली होती.

त्यांनी दोन्ही कागद वाचले. "हं. करा सही."

मी केली. दोन महिन्यांनी ते हेलिपॅडवर पुन्हा रुजू झाले.