मेण प्यायलेल्या फळ्या

राजवाड्याच्या दरबार दालनातून चालत गेलेली माणसं हजारोंनी असतील. गुडघ्यांवर फिरून ते दालन पाठ केलेली मात्र एकच होती, आणि तिला सगळे मेणबाई म्हणत.

नवरा गेल्यावर त्याच्या जागी तिला कामावर घेतलं, तेव्हा कचेरीने तिच्या हातात मेणाचा डबा आणि लोकरीचा बोळा ठेवला होता. ती लाकडी जमीन चमकती ठेवायची, एवढंच काम. सत्तावीस वर्षं ती जमीन चमकत होती. बाईच्या गुडघ्यांना घट्टे पडले, कंबर एका बाजूला कलली. सून चेष्टेनं म्हणायची की आईंना माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत, पावलं दाखवा, लगेच नाव सांगतील.

चार महिन्यांपूर्वी तिसऱ्या खांबापुढच्या फळ्या मेण पिऊ लागल्या. जेवढ्या मेणात हातभर लाकूड उजळायचं, तेवढं तिथे वीतभर जागेत मुरून जाई. तिने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. बाकीची जमीन भरीव बोलायची. इथे रिकाम्या डब्यावर वाजवल्यासारखं वाटलं.

वाड्याच्या कचेरीत तिचा धाकटा दीर मुख्य कारकून होता. तिने त्याला सांगितलं, त्याने साहेबांना सांगितलं, आणि एक इंजिनियर आला. त्याने खालच्या खोलीत उभं राहून रंगवलेल्या छतावर बॅटरी मारली. कुठे तडा दिसला नाही. सही करून तो गेला. छताला रंग होता, वरून मेण होतं. मधल्या तुळईला विचारलं कोणीच नाही.

आणि आता सिनेमावाले आले होते. साठ जणांचा नाच, सगळ्यांनी एकदम उडी मारायची, तीही नेमकी तिसऱ्या खांबापुढे. बरोबर खालच्या खोलीत त्यांचा कपडेपट मांडलेला. सहा शिंपी दिवसभर तिथे मशिनवर बसलेले असायचे. नाचणारे घसरतील म्हणून नृत्यगुरूंनी तीन दिवस मेणाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं.

बाई पुन्हा दिराकडे गेली. त्याने कागदावरून मान वर केली नाही. सगळं ठरलंय, म्हणाला, सह्या झाल्यात, इंजिनियर काही गवत उपटायला शिकला नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. क्वार्टर माझ्या शब्दावर आहे. मला तोंडघशी पाडू नका."

त्या क्वार्टरमध्ये मुलगा, सून आणि दोन नातवंडं राहत होती. ती परत आली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळी मंडळी अंगणात उतरली. दालन रिकामं झालं. तिच्या हाताशी पाऊण तास होता. तिने कोपऱ्यातला डबा काढला, भक्कम फळीवर पालथी पडली आणि हात लांबवून पुढच्या फळ्यांवर मेण थापलं. सत्तावीस वर्षांत इतकं जाड मेण तिने कधी लावलं नव्हतं. कोपराखाली एक फळी कण्हली. ती तशीच थांबली, श्वास धरून. मग हात पुन्हा चालू लागला.

नृत्यगुरू परत आले आणि दारातच कपाळाला हात लावून उभे राहिले.

"चुकलं," ती म्हणाली. "हाताची सवय."

"सवय? मग मी काय भिंतींशी बोलत होतो?"

कोणी वय काढलं, कोणी म्हणालं म्हातारीला घरी बसवा. तिने मान खाली घातली. वेडी ठरणं तिला स्वस्तात पडत होतं. हे मेण उद्यापर्यंत सुकणार नव्हतं. दिग्दर्शक चरफडला आणि त्याने नाच खिडक्यांच्या बाजूला हलवला. दीर दाराशी उभा होता. मेणबाईच्या हाताला अशी चूक होत नाही, हे त्या सगळ्यांत एकट्याला ठाऊक होतं. त्याची नजर तिच्या पाठीवरून हलली नाही.

साठ जणांची पावलं एकदम आपटली. झुंबरांचे लोलक किणकिणले. जमीन टिकली. बाईने पदराने मान पुसली.

तेवढ्यात कॅमेरामनचं लक्ष तिकडे गेलं. खांबापुढे झुंबरं जशीच्या तशी जमिनीत उतरली होती. इतकी सुंदर चमक वाया का घालवायची, तो म्हणाला. ट्रॉली तिथूनच आणा. रबरी चाकं, ती काही घसरायची नाहीत.

याचा तिने विचारच केला नव्हता. लोखंडी ट्रॉली, वर कॅमेरा, दोन माणसं, ढकलणारे चौघे. तिच्याच हाताने लावलेलं मेण त्यांना तिथे बोलावत होतं. खालून शिलाई मशिनचा आवाज येत होता, एक थांबलं की दुसरं सुरू.

ट्रॉली निघाली. बाईही निघाली. अनवाणी, सगळ्या दिव्यांच्या उजेडात, ती ट्रॉलीच्या आडवी जाऊन उभी राहिली. संगीत बंद झालं. दिग्दर्शकाने विचारलं, ही कोण आणि हिला आत कोणी सोडलं?

"मेण चुकून नाही लावलं," ती दिग्दर्शकाला नाही, दिराला म्हणाली. "मुद्दाम लावलं. खालची तुळई गेलीय. आधी त्या शिंप्यांना बाहेर काढा, मग मला काढा."

दीर पांढरा पडला. कोणीतरी हसलं, पण ते हसू पुढे सरकलं नाही. सेटवरचा सुतार, पिकल्या मिशांचा, पुढे येऊन उकिडवा बसला. त्याने ठोकून पाहिलं, दुसऱ्यांदा ठोकलं, मग दोन फळ्यांच्या सांध्यातून पटाशी तुळईत घातली. हातोडी मारावी लागली नाही. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकावर लाकूड नव्हतं, तपकिरी भुगा होता.

"वाळवी," तो म्हणाला, आणि उलट्या पावली मागे आला.

सगळ्यात आधी दीरच जिन्याकडे धावला. खालची मशिनं एकेक करून थांबली. धापा टाकत तो वर आला तेव्हा दालनात कोणी हललं नव्हतं. नाचाच्या खुणा करायचा खडू त्याने नृत्यगुरूंच्या हातातून घेतला आणि तिच्यापुढे धरला.

"वहिनी, कुठून कुठपर्यंत, ते तुम्हीच दाखवा."

ती गुडघ्यांवर बसली. ठोकायचं, ऐकायचं, रेघ ओढायची. रेघ खांबाला वळसा घालून, तिला वाटलं होतं त्याच्या बरीच पुढे, दाराच्या दिशेने गेली आणि दिराच्या बुटांपाशी थांबली. तिने मान वर केली नाही.

"सरका," ती म्हणाली.

तो सरकला.