बनुकाकूंचं तोंड आणि बघायचा कार्यक्रम

उंब्रजच्या आमच्या बनुकाकूंचं वय बावन्न, पण चेहरा सत्तरीचा. आकाराम काका साठीचे आणि चेहरा चाळिशीचा. दोघांनी तीस वर्षं एकाच उसात एकच ऊन खाल्लं, तरी हा अन्याय. कराडच्या बाजारात एकीनं काकूंना काकांची आई समजून नमस्कार केला. काका आठवडाभर तो किस्सा सांगत हिंडले. मला त्यांचा भारी राग आला होता.

शेवटी काकू कातडीच्या डॉक्टरकडं गेल्या. ते म्हणाले, "ऊन सगळ्यांनाच लागतं. पण कुणाची कातडी किती सोसते, हे बरंचसं आईबापाकडून येतं. मलम लावा, उन्हात तोंड झाका." मलम काकू तिथंच विसरून आल्या. घरी आणली फक्त भीती, की हे तोंड आता लेकीला जाणार.

त्यातच त्यांच्या लेकीला, संयोगिताला बघायला फलटणचे पाहुणे येणार ठरलं. मुलगा वीरधवल कारखान्यात केमिस्ट. मुलगी बघायला आलेल्या बायका आधी तिच्या आईला निरखतात, हे काकूंना ठाऊक होतं.

"माजं त्वांड बघून स्थळ मोडंल. मी भायेर येनार न्हाई," म्हणत त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

चहा होताच मुलाच्या आईनं विचारलंच, "मुलीच्या आई दिसत न्हाईत?"

"म्हसवडला गेलीय, सिद्धनाथाला," काका म्हणाले. खोटं बोलतानाही चेहऱ्यावर एक सुरकुती नाही!

संयोगितानं ट्रे खाली ठेवला. "आई आत बसलीय. तोंडावर सुरकुत्या हायत म्हणून लाजतीय. मी तिच्यावरच गेलीय. पन्नाशीत मीबी अशीच दिसंन. चालत असंल तर सांगा."

आत भांडं पडलं. वीरधवलनं आपल्या आईकडं बघितलं. ती छताकडं बघायला लागली.

"बाबांना घेऊन येतो," तो उठला. "गाडीत बसलेत. त्यांचा चेहरा बघून मुलगी नको म्हणंल, म्हणून आईनं बसवलंय."

राजस्थानात वीस वर्षं फौजेत काढलेले नानासो घामाघूम होऊन आत आले. सुरकुत्यांतून डोळे शोधावे लागत होते. त्यांची दशा बघून काकूच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या.

"आवं, तुमी तर माज्याबी म्होरं गेलाय की!"

नानासोंनी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला, तांब्या हातात घेतला आणि म्हणाले, "मग नातवंडांचं काय खरं न्हाई, इहीनबाई."